पळती हलगी

सोलापूर,
३ मार्च २०२५

ती. मालती आत्यास,

नमस्कार. तब्येतीची चौकशी शेवटी करीन, कारण कॅसेटचे आधी सांगितले नाही तर मला पुढचे काही सुचणार नाही. कॅसेट सुखरूप पोचली! तुम्ही धाडलेला मायाप्पा दुधनीच्या गाडीतून उतरला तो थेट आमच्या मालकांच्या चादरीच्या दुकानात आला. रुमालात बांधलेली कॅसेट माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "घे बाबा. मांडीवर धरून आण म्हणल्या बाई. गाडीत डबासुदिक उघडला न्हाय मी."

मी सगळे नीट समजलो आहे ना, याची खात्री व्हावी म्हणून पुन्हा लिहितो. चुकले असेल तर कळवा. या कॅसेटमध्ये १९९६ सालच्या हिरेवाडीच्या यात्रेतले लेझीम आहे. हलगी निंगप्पा काकांची आहे आणि ती तुम्ही शाळेच्या टेपरेकॉर्डरवर भरली होती. यंदा काकांची नात पायल आणि तिच्या मैत्रिणींना पालखीपुढे तेच लेझीम खेळायचे आहे, आणि हलगी पायल स्वतः वाजवणार आहे. काकांचा उजवा हात लकव्याने गेला, त्यामुळे ते वाजवून दाखवू शकत नाहीत. ती चाल गावात दुसऱ्या कुणाला येत नाही. पंचांचे म्हणणे असे की, निंगप्पा काका "ही आपली जुनी चाल" असे सर्वांसमोर म्हणाले तर मुली पुढे, नाहीतर डीजे पुढे. म्हणजे सगळे या कॅसेटवर आहे, आणि कॅसेट माझ्यावर. हे लिहितानाही तळहाताला घाम येतो आहे, म्हणून हाताखाली दुसरा रुमाल ठेवला आहे.

आता डेक. बाबांचा डेक कपाटावरून काढला. वीज दिली तर दिवा लागला, पण चाके फिरेनात. झाकण उघडून पाहिले तर मोटरवरून चाकांकडे जाणारा रबरी पट्टा विरघळून त्याचे डांबर झाले होते. ते बोटांना लागले ते साबणानेही निघेना. आईने माझे हात पाहिले आणि म्हणाली, "रस्ता करायला गेला होतास काय?" सगळी चाके कापूस आणि स्पिरिटने पुसून काढली. आता नवा पट्टा शोधतो. तो बसेपर्यंत तुमची कॅसेट रुमालातून बाहेर काढणार नाही.

तुमचा गुडघा कसा आहे?

तुमचा,
युवराज

*

हिरेवाडी,
६ मार्च

चि. युवराज,

गुडघा आहे तिथंच आहे. डेकचं बोल.

तुझं पत्र पायलला वाचून दाखवलं. ती म्हणते, "दादा एवडं लिवत बसतो, त्यापरीस व्हॉट्सॲपवर सांगायचं की." मी म्हटलं, माझ्या फोनला बटणं आहेत, आणि युवराज फोनवर बोलायला लागला की निम्मं बोलणं त्याच्या पोटातच राहतं. कागदावर सगळं उतरतं. दहावीनंतर तुझी शाळा सुटली, पण तुझ्या पत्रात मला चूक सापडत नाही. आणि मी शोधते, बरं का.

पंचांच्या बैठकीत ती अट कशी पडली ते ऐक. अभिमन्यू यंदा पंचांत आहे आणि डीजेचं सगळं तोच बघतो. तो म्हणाला, "बाई, हलगी पोरीनं वाजवायची म्हंजे लोकं हसत्याल की." पायल मागं उभी होती. तिथूनच म्हणाली, "हसू द्या. तुमच्या डीजेला लोकं कान झाकत्यात, त्यापरीस हसल्यालं बरं." सगळी बैठक हसली. अभिमन्यूचं तोंड लाल. मग त्यानं डाव टाकला : "आज्जानं सांगावं. निंगप्पा आज्जा म्हणला आपली चाल, तर आपली." त्यानं हे मुद्दाम केलं. निंगप्पा नातीसाठीसुद्धा खोटं बोलायचा नाही, हे गावातल्या कुत्र्यामांजरांना ठाऊक आहे. चाल तंतोतंत बसली तरच तो मान हलवील.

या कॅसेटची दुसरी प्रत नाही. शाळेच्या मशीननं एकदा बालगीतांची अख्खी फीत खाल्ली होती आणि पहिलीचा वर्ग रडला होता. जपून.

तुझी,
मालती आत्या

*

सोलापूर,
१२ मार्च

ती. आत्यास,

वाजली! आत्या, वाजली!

आता क्रमाने लिहितो, नाहीतर मीच गोंधळेन. चाकांभोवती दोरी धरून माप घेतले आणि त्याहून जरा तोकडा पट्टा एका जुन्या रेडिओवाल्याकडून आणला. तोकडाच लागतो, नाहीतर घसरतो. आधी भंगारातली एक कॅसेट लावली. डेकने ती खाल्ली! फीत बाहेर येऊन चाकात गुंडाळली गेली. तुमची लावली असती तर, या विचाराने मी तसाच जमिनीवर बसलो. मग कळले की फीत ओढणारे रबरी चाक जुन्या मळाने गुळगुळीत झाले होते. ते घासून पुसले. फीत ज्याला टेकून जाते ते हेडही पुसले, कापूस चहासारखा तपकिरी झाला. पुढच्या खेपेस भंगारातली कॅसेट सुरळीत चालली.

तरी वेगाची खात्री नव्हती. म्हणून विकतच्या कॅसेटमधले एक गाणे आणि मोबाईलवर तेच गाणे एकदम सुरू केले. दोन्ही एकदम संपेपर्यंत मोटरचा बारीक स्क्रू फिरवत राहिलो. शेवटी दोघांनी एकाच शब्दावर गाणे संपवले. आई म्हणाली, "हेच गाणं आता पुन्हा लावलंस तर मी माहेरी जाईन."

मग तुमची कॅसेट. फितीला हेडवर दाबून धरणारा आतला मऊ तुकडा गळून पडला होता, तो भंगारातल्या कॅसेटमधून काढून बसवला. हाताने फीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून मोकळी केली. आणि बटण दाबले.

आधी खरखर. मग तुम्ही काहीतरी बोलता. मग देवळाची घंटा. आणि मग हलगी! मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. आई भाकरी तव्यावर टाकून बाहेर आली. काय वाजवतात काका! पुढे पुढे तर हलगी अशी पळते की लेझीमवाल्यांना श्वास कधी मिळत असेल ते कळत नाही. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी ओरडले, "कुणाची वरात हाय रे?"

मोबाईलवर भरून पायलला पाठवले आहे. आज मला जेवण गेले नाही, पण आनंदाने.

तुमचा,
युवराज

*

हिरेवाडी,
१७ मार्च

चि. युवराज,

गावात दुसरा विषय नाही! पोरी रोज संध्याकाळी शाळेपुढं लेझीम घेऊन हजर असतात आणि बघायला निम्मं गाव जमतं. चाल इतकी जलद की पहिल्याच दिवशी एकीची लेझीम दुसरीच्या कपाळाला लागली. टेंगूळ आलं, पण टेंगूळ घेऊन ती परत रांगेत उभी. पायलच्या बोटांना फोड आलेत, ते ती सगळ्यांना दाखवत फिरते. म्हणते, "आज्जा असं वाजवत हुता? आन् मी त्याला म्हातारा समजत हुते!"

हे झालं चांगलं. आता वाईट.

निंगप्पाला ऐकवायचं आम्ही मुद्दाम मागं ठेवलं होतं. आधी पोरींचा हात बसू दे, म्हटलं. काल त्याच्या खाटेवर मोबाईल ठेवला. त्यानं डोळे मिटले. थोडा वेळ ओठ हलले. मग डावा हात वर करून म्हणाला, "थांबवा. चाल वळकीची हाय. पर ही माजी हलगी न्हाय."

मी म्हटलं, "अरे निंगप्पा, मी स्वतः समोर बसून भरलीय. तूच होतास."

"बाई, तुमी खोटं बोलत न्हाय, मला म्हाईत हाय. पर जाळावर शेकून शेकून एवडी कडक केल्याली हलगी मी जन्मात हातात धरली न्हाय. आन् मी एवडा पळत न्हवतो. का पळू? चोर हुतो काय मी?"

पायल उठून गोठ्यात गेली ती जेवायलासुद्धा आली नाही. अभिमन्यूला बातमी पोचलीच. देवळापुढं भेटला तेव्हा गोड आवाजात विचारतो, "मग बाई, डीजेला कळवू का या म्हणून?" मी म्हटलं, यात्रा अजून आलेली नाही.

तुझा डेक जोरात तर फिरत नाही ना रे?

मालती आत्या

*

सोलापूर,
२० मार्च

ती. आत्यास,

तुमचे पत्र दुकानात वाचले आणि एका गिऱ्हाइकाला चादरीऐवजी टॉवेल बांधून दिले.

घरी येऊन डेक पुन्हा उघडला. पट्टा जागेवर आहे. तेच गाणे पुन्हा मोबाईलबरोबर लावले (आई बाहेर गेली होती), दोन्ही एकदम संपले. तरी मन मानेना. कॅसेट घेऊन त्या रेडिओवाल्याकडे गेलो. त्याच्या मशीनवरही हलगी अशीच पळते. तो म्हणाला, "तुझा डेक माझ्यापेक्षा बरा फिरतो की रे." एरवी हे ऐकून मी आठवडाभर खूश राहिलो असतो. आता उलट भीती वाटली. डेक चुकत असता तर दुरुस्त केला असता. डेक बरोबर आहे, मग मी काय दुरुस्त करू?

आत्या, रागावू नका, पण विचारतो. आजारानंतर काकांना ऐकू कमी येते का? किंवा त्या दिवशी हलगी खरेच जास्त शेकली असेल, आणि ते आता विसरले असतील?

एक गंमत लिहितो, तेवढेच तुम्हाला बरे वाटेल. कॅसेटच्या सुरुवातीला तुम्ही "हिरेवाडीची यात्रा, लेझीम" असे म्हणता, तो आवाज चौथीतल्या मुलीसारखा बारीक आहे. आणि शेवटी "बास, बास" म्हणता तेव्हा तर चिमणी चिवचिवल्यासारखे वाटते. आई म्हणाली, "मालतीताई तरुणपणी अशा बोलायच्या होय!"

तुमचा,
युवराज

*

हिरेवाडी,
२३ मार्च

चि. युवराज,

निंगप्पाचे कान शाबूत आहेत. वेशीवर एसटी आली की नुसत्या गिअरच्या आवाजावरून आज ड्रायव्हर कोण, ते तो खाटेवरून सांगतो.

पण तुझी चिमणी वाचून मी आधी हसले आणि मग हसू थांबलं. माझा आवाज जन्मापासून घोगरा. नोकरीला लागले तेव्हा शेजारच्या वर्गातली पोरं मला हेडमास्तर समजून गप्प बसायची. मी चिमणीसारखी कधी बोलले? आणि कॅसेट भरली त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी त्याच मशीनवर ऐकली होती. तेव्हा आवाज माझाच होता आणि हलगी निंगप्पाचीच. पुढं कपाटात ठेवली ती परत लावली नाही.

बजाबाईला, म्हणजे निंगप्पाच्या बायकोला, हे सांगत होते. ती ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "त्या दिवशी तुमी सेल मागत घरोघर फिरत हुता की बाई. दुकानात सेल न्हवतं. मग मीच आमच्या ब्याटरीतलं काडलं आन् पत्र्यावर उनात तापवून दिलं. तुमी म्हणला, बजाबाई, लाज राखलीस."

खरंच की! तेव्हा गावात सगळेच तसं करायचे. मेलेले सेल दिवसभर उन्हात ठेवले की थोडा वेळ जीव धरायचे. मशीन चाललं, आम्ही खूश.

आता या उन्हातल्या सेलांचा आणि चिमणीचा काही संबंध आहे का, ते मला कळत नाही. तुला कळलं तर लगेच लिही. पायल हलगीला हात लावत नाही.

मालती आत्या

*

सोलापूर,
२७ मार्च

ती. आत्यास,

कळले! सगळे कळले! तुमचे पत्र वाचून मी दुकानात इतक्या मोठ्याने "सेल!" म्हणालो की मालकांना वाटले मी चादरींवर सूट जाहीर केली.

हे बघा. ते सेल अशक्त होते, म्हणून शाळेचे मशीन त्या दिवशी हळू फिरत होते. फीत हळू सरकत असताना आवाज तिच्यावर भरला गेला. तीच फीत माझ्या डेकने योग्य वेगाने ओढली, की तिच्यावरचे सगळे घाईत बाहेर येते. तुमचा आवाज बारीक, हलगी कडक, चाल पळती. आणि सेल जसे मरत गेले तसे मशीन आणखी मंदावले, म्हणून शेवट सर्वांत जलद आणि "बास, बास" ची चिमणी! त्या संध्याकाळी तुम्ही ऐकले तेव्हाही मशीन तितकेच रेंगाळत होते, म्हणून कुणाला काही वाटले नाही. काकांचे कान बरोबर, डेक बरोबर, तुम्हीही बरोबर. सगळे बरोबर असून चाल चुकली!

मग प्रश्न असा की, किती हळू करायचे? अंदाजाने केले तर काका पुन्हा हात वर करतील. मी डोके धरून कॅसेट ऐकत होतो आणि घंटा वाजली. आत्या, देवळात येणारा जाणारा प्रत्येक जण घंटा वाजवतो, आणि ती अख्ख्या कॅसेटभर मधून मधून ऐकू येते! माणसाचा आवाज वयाने बदलतो, पण घंटेचा कसा बदलेल? पत्राची वाट बघवेना म्हणून पायलला मेसेज केला, "घंटा तीच आहे का?" ती म्हणाली, "तीच हाय, कोण बदलनार?" मी म्हटले, जा आणि एकदा वाजवून पाठव.

मग मोबाईलवर तिची घंटा, डेकवर कॅसेटची घंटा, आणि माझ्या हातात मोटरचा स्क्रू. खरे सांगतो, इतक्या कष्टाने बरोबर केलेला वेग स्वतःच्या हाताने चुकवायचा, हे जिवावर आले होते. आणि एकदा फिरवून भागत नाही. प्रत्येक घंटेला हलगी थोडी पुढे निघून जाते, तिला पुन्हा मागे ओढावे लागते. सबंध कॅसेट मी तो स्क्रू केसाकेसाने फिरवत राहिलो. दोनदा बिघडले. एकदा मोटर थांबलीच. तिसऱ्या वेळी पहिली घंटा जुळली, पुढची जुळली, आणि शेवटी "बास, बास" म्हणून तुम्ही ओरडलात तेव्हा ते अगदी तुम्ही ओरडलात! मी दचकून स्क्रूड्रायव्हर मागे घेतला.

आवाज पायलकडे गेला आहे. आता काका काय म्हणतात, ते कळवा. मी नखे खात बसलो आहे.

तुमचा,
युवराज

*

हिरेवाडी,
१ एप्रिल

चि. युवराज,

पहिल्या घंटेलाच निंगप्पाची मान वर झाली. मग डावा हात गोधडीवर पडायला लागला, आधी बोटं, मग पंजा. संपल्यावर म्हणाला, "व्हय. हा मी." बजाबाई पदर तोंडाला लावून आत गेली. मी माझं तोंड कुठं लपवू म्हणून खिडकीतून बाहेर बघत बसले.

आता नवीन भांडण. पोरींना पळतीच चाल पाठ झाली आहे! पायल म्हणते, "ही लई सावकाश हाय. लेझीम वर धरून हात दुकत्यात." निंगप्पा म्हणाला, "पळाया कुनालाबी येतं, पोरी. थांबून दाव." तेव्हापासून पोरी तोंडं फुगवून संथ लेझीम खेळतात, आणि मी घरात गेले की हळूच पळती वाजते. मला ऐकू येतं.

निंगप्पानं पंचांना सांगितलंय, "मोबाईलचं मी वळकलं. पोरींचं यात्रेत बघून सांगीन." म्हणजे अजून काही मिळालेलं नाही. तू यायचंस. मालकांना सांग, आत्या आजारी आहे. माझा गुडघा एकदाचा कामाला येऊ दे.

मालती आत्या

*

सोलापूर,
१३ एप्रिल

ती. आत्यास,

गर्दीत तुमची नीट भेट झाली नाही आणि मला शेवटची गाडी गाठायची होती. तुम्ही पुढे काकांच्या खुर्चीशेजारी होतात. मागे काय झाले ते तुम्हाला दिसले नसेल, म्हणून लिहितो.

मी डीजेच्या गाडीपाशी अडकलो होतो. वेशीवर पायलने पहिली संथ थाप मारली तेव्हा भोवतीची पोरे ओरडली, "ए, झोप आली! उशी आणा!" माझे कान गरम झाले. वाटले, मीच जास्त हळू केले. पण दुसऱ्या फेरीला सगळ्या लेझमी एकदम वर जाऊन तिथेच थांबल्या. छमकन खाली येतील म्हणून आम्ही वाट बघतो आहोत, आणि त्या येत नाहीत. हलगीची ती एक थाप पडली, मग आल्या. पोरे टाचा उंचावून बघू लागली. एक जण म्हणाला, "आयला, हे अवघड हाय रे." काकांनी डावा हात वर करून "चला" अशी खूण केलेली मला माणसांच्या डोक्यांवरून दिसली, आणि पालखी हलली. मुलींच्या मागे! मी एका अनोळखी माणसाला मिठी मारली. तो डीजेचा ड्रायव्हर निघाला. मग तो टपावर चढून व्हिडिओ काढू लागला आणि मलाही त्याने वर ओढून घेतले.

म्हणून देवळाच्या पायऱ्या मला दिसल्या. तिथे पायलने एकाएकी पळती चाल धरली. अभिमन्यू काकांपुढे वाकून काहीतरी बोलला. काका काहीतरी बोलले. हलगी थांबली. सगळी यात्रा थांबली. मला वाटले, गेले. एवढे सगळे करून शेवटी त्या सेलांनीच घात केला. आणि मग हलगी पुन्हा कडाडली, पालखीवाले अक्षरशः पळत सुटले, लोकांच्या चपला मागे राहिल्या, ड्रायव्हर टपावर नाचायला लागला आणि टप खाली वाकला.

आत्या, काका काय म्हणाले?

तुमचा,
युवराज

*

हिरेवाडी,
१५ एप्रिल

चि. युवराज,

अभिमन्यूनं विचारलं, "आज्जा, देवाच्या दारात हायसा. खरं सांगा. ही आपली जुनी चाल हाय का?"

निंगप्पानं पायलकडं बघितलं. म्हणाला, "न्हाय."

पायलचा हात हवेतच राहिला. ती तुला दिसलेली शांतता, ती ही. माझ्या शेजारी बजाबाईनं माझं मनगट इतकं आवळलं की अजून काळंनिळं आहे.

मग निंगप्पा म्हणाला, "जुनी ती मघाशी झाली, माजी. ही हिची हाय. तू थांबलीस कशाला गं? वाजव की!"

तुझी,
मालती आत्या